प्रोबेट गेले, वारसांची वणवण गेली काय?

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने एक कायदा मंजूर केला. नाव अगदी रुक्ष, 'निरसन व सुधारणा कायदा, २०२५'. ७१ जुने कायदे एका झटक्यात मोडीत काढणाऱ्या या कायद्याची आपल्या वस्त्यांमध्ये कुणी चर्चा केल्याचे आम्हाला तरी आढळले नाही. चर्चा व्हावी तरी कशी? अशा कायद्यांच्या पोटात काय दडलेले असते हे वकिलांनाच ठाऊक, आणि वकील फी घेतल्याशिवाय बोलत नाहीत! पण याच कायद्याने १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यातील कलम २१३ काढून टाकले. मुंबईतल्या बौद्ध माणसाच्या घरादाराशी या कलमाचा थेट संबंध होता. म्हणून त्याबद्दल आम्हाला सविस्तर लिहावेसे वाटते.

कलम २१३ काय सांगत होते? मृत्युपत्राच्या आधारे कुणालाही आपला हक्क कोर्टात शाबीत करायचा असेल, तर आधी त्या मृत्युपत्राचे प्रोबेट आणले पाहिजे. प्रोबेट म्हणजे 'हे मृत्युपत्र खरे आहे, ते मयताने शुद्धीवर असताना केले आहे' असे न्यायालयाने दिलेले शिक्कामोर्तब. ऐकायला वाजवी वाटते. मात्र ही सक्ती साऱ्या देशाला नव्हती. मुंबई आणि मद्रास या शहरांना आणि जुन्या बंगाल इलाख्यालाच ती होती. तीही सर्व धर्मांच्या लोकांना नव्हती. मुसलमान त्यातून पहिल्यापासून वगळलेले. भारतीय ख्रिश्चनांनी भांडून २००२ मध्ये आपली सुटका करून घेतली. पारशी १९६२ मध्ये त्यात आले. राहिले ते हिंदू, शीख, जैन आणि बौद्ध. होय, 'बौद्ध' हा शब्द त्या कलमात स्पष्ट छापलेला होता.

हा शब्द तिथे आला कसा, याचाही इतिहास पाहण्यासारखा आहे. १८७० मध्ये ब्रिटिशांनी 'हिंदू विल्स ॲक्ट' केला. नाव हिंदूंचे, पण त्यात जैन, शीख आणि बौद्ध यांनाही त्याच दावणीला बांधले. १ सप्टेंबर १८७० नंतर केलेल्या मृत्युपत्रांना तो लागू झाला. ज्या तीन ठिकाणी ब्रिटिशांचा व्यापार आणि त्यांची मोठी न्यायालये होती, तिथेच तो लागू केला. गोऱ्यांना आणि त्यांच्या दलाल शेटजींना इस्टेटीचे व्यवहार चोख हवे होते, त्यासाठी ही तजवीज. गिरणगावातला कामगार तेव्हा कुणाच्या हिशेबात होता? १९२५ मध्ये सारे कायदे एकत्र केले, तेव्हा ही तरतूद जशीच्या तशी उचलली गेली. १९५६ च्या धर्मांतरानंतरही काही फरक पडला नाही. आपल्या बापजाद्यांना ती आधी हिंदू म्हणून लागू होती, नंतर बौद्ध म्हणून लागू झाली. १५५ वर्षे एक शब्दही हलला नाही.

याचा व्यवहारात अर्थ काय होता? मुलुंडचा चेकनाका डोळ्यांपुढे आणा. नाक्याच्या अलीकडे मुंबई, पलीकडे ठाणे. ठाण्यात राहणाऱ्या माणसाने ठाण्यातल्या घराचे मृत्युपत्र ठाण्यात केले, तर त्याच्या मुलीला प्रोबेटची गरज नव्हती. त्याच माणसाचे घर नाक्याच्या अलीकडे मुलुंडला असते, तर त्या मुलीला मुंबई उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागे. कागद तोच, साक्षीदार तेच, बापही तोच! पुण्यात, नागपुरात, औरंगाबादेत सक्ती नाही आणि वरळीत, चेंबूरला, घाटकोपरला आहे. भारताचे संविधान साऱ्यांना कायद्यापुढे समान म्हणते आणि टोलनाक्यासारखा एक नाका वारसांमध्ये भेद करत होता.

पायरी चढावी लागे तीही थेट उच्च न्यायालयाचीच, हे विशेष. १९४८ मध्ये मुंबईत नगर दिवाणी न्यायालय स्थापन झाले, पण मृत्युपत्रांची प्रकरणे त्याच्या हाती दिली नाहीत. ती उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेकडेच राहिली. ज्या इमारतीत लाखो-कोटींचे व्यापारी दावे चालतात, तिथेच चाळीतल्या विधवेनेही अर्ज करायचा. मूळ मृत्युपत्र जमा करायचे, साक्षीदाराचे प्रतिज्ञापत्र जोडायचे, मालमत्तेची यादी किमतीसह द्यायची. मग सगळ्या वारसांना नोटिसा. नोटीस न्यायालयाच्या आणि जिल्हाधिकारी कार्यालयाच्या फलकावर लावायची. एखादा साक्षीदार वारला असेल किंवा कोकणात गावी निघून गेला असेल, तर आणखी प्रतिज्ञापत्रे. आणि एखाद्या भावाने किंवा पुतण्याने कॅव्हेट दाखल केले की अर्जाचा दावा होतो. मग त्या दाव्याला तारखा पडत राहतात. कायदा म्हणतो, मृत्यूनंतर सात दिवस झाले की प्रोबेट देता येते. सात दिवसांनी मिळालेले प्रोबेट कुणी पाहिले असेल तर आम्हाला जरूर कळवावे, आम्ही त्याचा सत्कार करू!

खर्चाचे पाहा. महाराष्ट्रात प्रोबेटची कोर्ट फी मालमत्तेच्या किमतीवर असते आणि तिची कमाल मर्यादा ७५ हजार रुपये. मुंबईतल्या घरांच्या आजच्या किमती पाहता ती मर्यादा गाठायला वेळ लागत नाही. त्यामुळे मलबार हिलच्या बंगल्याचा वारस ७५ हजार भरणार आणि वरळीच्या पाचशे चौरस फुटांच्या घराचा वारसही ७५ हजारच भरणार. वकिलाची फी वेगळी. बंगलेवाल्याच्या ती खिजगणतीतही नसते. आपल्या बाईला मात्र गळ्यातले मोडावे लागते.

एवढे करून हाती काय पडते? मृत्युपत्र खरे आहे एवढाच दाखला. मालमत्ता मुळात मयताच्या मालकीची होती की नाही, हा प्रश्न प्रोबेट न्यायालय बघतच नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्येच ते स्पष्ट केले आहे. मालकीवरून भांडण असेल तर दुसरा दावा, दुसरे न्यायालय आणि पुन्हा पहिल्यापासून तारखा.

या वारसाच्या गुंत्याची किंमत आपल्या चळवळीने किती भयंकर मोजली आहे, हे आजच्या तरुणांना ठाऊक नसावे. ६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. त्यांची अप्रकाशित हस्तलिखिते दिल्लीत न्यायालयाच्या ताब्यात गेली. पुढे ती महाराष्ट्र शासनाच्या ॲडमिनिस्ट्रेटर जनरलकडे आली. वारसांच्या इस्टेटी सांभाळण्यासाठी ब्रिटिशांच्या काळापासून चालत आलेले हे सरकारी पद. त्याच्या कोठडीत लोखंडी पेट्यांमध्ये बाबासाहेबांचे कागद पडून राहिले. नागपूरचे ॲड. जे. बी. बनसोड यांनी 'ही हस्तलिखिते मला छापू द्या, नाहीतर सरकारने तरी छापावीत' अशी साधी मागणी घेऊन न्यायालय गाठले. नागपूर खंडपीठातले ते प्रकरण मुंबईला आले आणि वर्षानुवर्षे प्रलंबित राहिले. पुढे शासनाच्या चरित्र साधने प्रकाशन समितीचे वसंत मून यांनी पाठपुरावा केला, माईसाहेब आणि प्रकाश आंबेडकर यांनी संमती दिली, तेव्हा १९८१ मध्ये त्या पेट्या बाहेर आल्या. 'रिडल्स इन हिंदुइझम' आणि क्रांती-प्रतिक्रांतीचे लेखन छापून लोकांच्या हाती पडायला १९८७ उजाडले. तीस वर्षे! तीस वर्षे एका पिढीच्या हाती ते विचार पडले नाहीत. ज्यांनी देशाला संविधान दिले, १९२३ पासून ज्यांनी याच मुंबई उच्च न्यायालयात वकिली केली, त्यांच्या कागदपत्रांची ही गत. तिथे गिरणी कामगाराच्या खोलीची काय कथा?

म्हणून कलम २१३ गेले याचा आम्हाला आनंदच आहे. कायदा मंत्री म्हणतात, भेदभाव दूर केला. मान्य. १५५ वर्षांनी का होईना, केला. पण एक कलम खोडून वारसांची वणवण संपली असे जे समजतात, त्यांना वस्तीतली घरे ठाऊक नाहीत. आम्हाला तर यात एक नवा धोका दिसतो आणि तो आपल्या लेकीबाळींनाच आहे.

प्रोबेटच्या त्या किचकट कामात एक गोष्ट चांगली होती. सगळ्या वारसांना नोटीस जात असे. बापाने सारे घर थोरल्याच्या नावे केले आहे असा कागद निघाला, तर विरारला किंवा अंबरनाथला दिलेल्या बहिणीला न्यायालयाकडून ते कळत असे. तिला 'हा अंगठा माझ्या बापाचा नाही' असे म्हणायची संधी मिळे. आता सक्ती गेली. उद्या थोरला भाऊ साध्या कागदावरचे मृत्युपत्र घेऊन सोसायटीच्या कचेरीत जाईल, सेक्रेटरी ओळखीचा असेल, भाग दाखल्यावर नाव चढेल. बहिणीला कळेल तेव्हा बिल्डरशी करारही झालेला असेल. मग दावा कुणी लावायचा? बहिणीनेच. कोर्ट फी कुणी भरायची? तिनेच. पूर्वी मृत्युपत्र दाखवणाऱ्याला आधी न्यायालयात जावे लागे, आता ज्याला लुबाडले त्याला आधी जावे लागेल. संशयास्पद मृत्युपत्रातला संशय ते दाखवणाऱ्यानेच दूर केला पाहिजे असे सर्वोच्च न्यायालय १९५९ पासून सांगत आले आहे. पण हा नियम न्यायालयात लागू होतो, सोसायटीच्या कचेरीत लागू होत नाही.

हे प्रश्न आता काल्पनिक राहिलेले नाहीत. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळीतल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून माणसे ५०० चौरस फुटांच्या घरात गेली. नायगाव, ना. म. जोशी मार्ग येथेही तेच होणार आहे. जांबोरी मैदानाच्या आसपास ज्या समाजाने १९७४ मध्ये दगड आणि लाठ्या खाल्ल्या, त्या समाजाच्या हाती पहिल्यांदाच मालकीचे घर येत आहे. इतकी वर्षे आपण भाडेकरू होतो. भाडेकरूचा हक्क मृत्युपत्राने देता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये ठरवले. तेव्हा मृत्युपत्राचा आणि आपला संबंधच नव्हता. सोबत राहणाऱ्याच्या नावावर पावती व्हायची, बाकीचे गप्प बसायचे. मालकी आली की वारसा आला, आणि वारसा आला की भांडण आले. १६० फुटांसाठी न भांडलेले भाऊ ५०० फुटांसाठी भांडतील, कारण त्या ५०० फुटांची किंमत आज कोटीच्या भाषेत बोलली जाते. एसआरएच्या इमारतींतही हीच गत आहे.

यावर पुष्कळजण म्हणतात, 'आमचे नॉमिनेशन झालेले आहे, आम्हाला काळजी नाही.' हा गैरसमज आपल्या वस्त्यांत फार खोल रुजला आहे. नॉमिनी मालक नसतो. विम्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने हे १९८४ मध्ये सांगितले, शेअर्सच्या बाबतीत डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा सांगितले. गृहनिर्माण सोसायटीत तर महाराष्ट्राच्या सहकार कायद्यातच २०१९ पासून स्पष्ट लिहिले आहे की, वारस ठरेपर्यंत नॉमिनी हा तात्पुरता सभासद. नॉमिनी म्हणजे किल्ली सांभाळणारा. घर कुणाचे ते वारसा कायदा किंवा मृत्युपत्र ठरवणार.

आता उपासिकांसाठी मुद्दाम लिहितो. हिंदू उत्तराधिकार कायदा १७ जून १९५६ ला लागू झाला आणि त्याच्या कलम २ नुसार तो बौद्धांनाही लागू आहे. बाबासाहेबांनी ज्या हिंदू कोड बिलासाठी १९५१ मध्ये मंत्रिपदावर लाथ मारली, त्याचेच हे तुकडे करून केलेले रूप. २००५ च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीचा हक्क मिळाला. पण कलम १५ तसेच राहिले. मूलबाळ नसलेली विधवा मृत्युपत्र न करता वारली, तर तिने स्वतः कमावलेली मालमत्तासुद्धा आधी नवऱ्याच्या वारसांना जाते, तिच्या आईबापाला नाही. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेले एक प्रकरण आहे. लग्नानंतर तीन महिन्यांत नवरा वारला, सासरच्यांनी बाईला घराबाहेर काढले. आईबापाने तिला शिकवले, ती नोकरीला लागली. ती वारल्यावर तिच्या बँकेतल्या आणि भविष्य निर्वाह निधीच्या पैशांवर नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांनी हक्क सांगितला आणि तो त्यांना मिळाला! न्यायालय म्हणाले, सहानुभूती वेगळी, कायदा वेगळा. त्या बाईने साध्या कागदावर चार ओळी लिहून ठेवल्या असत्या, तर तो पैसा तिच्या आईला मिळाला असता. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही महिलांना मृत्युपत्र करून ठेवण्याचे आवाहन केले आहे. कलम १५ बदलण्याऐवजी आवाहन करणे ही पळवाट आहे असे आमचे मत आहे. पण कायदा बदलेपर्यंत आपल्या नर्स, शिक्षिका, अंगणवाडी सेविका आणि पालिकेतल्या सफाई कामगार भगिनींनी थांबून राहू नये.

मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. लिहिता येत नसेल तर अंगठा चालतो. दोन साक्षीदार हवेत, त्यांनी करणाऱ्याची सही किंवा अंगठा पाहून करणाऱ्यासमोर सह्या केल्या पाहिजेत. ज्याला मालमत्ता मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नये, आणि साक्षीदार शक्यतो आपल्यापेक्षा तरुण असावेत. मृत्युपत्र अंमलात आणणारा व्यवस्थापक नेमून ठेवावा, कारण प्रोबेट त्यालाच मिळते. तो नेमलेला नसेल तर 'लेटर्स ऑफ ॲडमिनिस्ट्रेशन' नावाच्या दुसऱ्या अर्जाच्या मागे लागावे लागते. सक्ती गेली तरी भांडण असेल तिथे प्रोबेट घेतलेले बरे, हे विसरू नये.

सरकारकडे आमचे काय म्हणणे आहे? मृत्युपत्रांची आणि वारसा दाखल्यांची प्रकरणे मुंबईतही खालच्या न्यायालयात द्या. ठाण्याच्या माणसाला दिवाणी न्यायालय पुरते, तर कुर्ल्याच्या माणसाला उच्च न्यायालय कशाला? राहत्या एकाच घराचे प्रकरण असेल, तर कोर्ट फी नाममात्र करा. वाद नसलेला अर्ज किती महिन्यांत निकाली काढायचा, याची मुदत नियमात लिहा. आणि सर्वांत महत्त्वाचे, मृत्युपत्राच्या आधारे सोसायटीत किंवा सरकारी दप्तरात नाव चढवण्यापूर्वी सर्व वारसांना, त्यातही मुलींना, लेखी नोटीस देण्याची सक्ती करा. प्रोबेटमधली ही एकच चांगली गोष्ट होती, ती तरी राहू द्या. शेतजमिनीच्या मयत खातेदारांच्या वारसांची नावे लावण्यासाठी शासनाने २०२५ मध्ये 'जिवंत सातबारा' मोहीम काढली, तलाठी गावोगाव फिरले. मग मुंबईच्या इमारतींमध्ये 'जिवंत भाग दाखला' मोहीम काढायला कुणी अडवले आहे? सफाई कामगारांच्या वारसांना लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार मिळणाऱ्या नोकऱ्यासुद्धा वारसाच्या कागदावरच अडतात. हे सरकारला ठाऊक नाही असे नाही.

काही मित्र म्हणतात, बौद्धांचा स्वतंत्र वारसा कायदाच करा, म्हणजे हे सगळे प्रश्न सुटतील. स्वतंत्र कायद्याची मागणी रास्त आहे, आमचा तिला पाठिंबा आहे. पण स्वतंत्र कायदा झाला तरी न्यायालय तेच राहणार, कारकून तोच आणि कोर्ट फीचा तक्ताही तोच. 'बौद्ध' शब्दाची ओळख म्हणून लढाई लढावी, पण चाळीतल्या बाईचा अर्ज तोवर पडून राहता कामा नये.

आणि जे आजच हातात आहे ते आपण वापरत का नाही, हा प्रश्न समाजालाही विचारला पाहिजे. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या प्रत्येक व्यक्तीला आणि प्रत्येक महिलेला मोफत कायदेशीर मदत मिळते. उत्पन्न कितीही असो. १९९० पासून धर्मांतरित बौद्धांनाही अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती लागू आहेत, तेव्हा आपण या कलमात बसतो. सरकारने नेमलेला वकील मिळतो, कोर्ट फीचा भारही प्राधिकरण उचलू शकते. जातीचा दाखला आपण शाळेसाठी आणि नोकरीसाठी काढतो. तोच दाखला घेऊन जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कचेरीत वारसाच्या कामासाठी किती जण गेले?

येत्या वर्षावासात प्रत्येक बुद्धविहारात प्रवचनानंतर अर्धा तास यासाठी राखून ठेवता येईल. आपल्या समाजात आज वकिलांची वाण नाही. प्रत्येक वकिलाने एका विहाराची जबाबदारी घ्यावी, मृत्युपत्राचा नमुना मराठीत लिहून द्यावा, साक्षीदार तिथेच बसलेले असतात. पुनर्विकासाच्या करारावर सह्या सुरू असलेल्या नायगाव आणि ना. म. जोशी मार्गाच्या चाळींपासून सुरुवात करावी, कारण तिथे चाव्या मिळायच्या आधी वेळ आहे.